सत्त्याण्णव किलो, एकशे पंधरा लिटर

११ जानेवारी, शनिवार. सकाळी ६.२०
ठरलं. दोन फेब्रुवारीला गोव्याला जायचं आणि पुन्हा विंडसर्फिंग करायचं. नेव्हीतून सुटून चौदा वर्षं झाली. वीस वर्षांच्या नोकरीत शिडाच्या बोर्डावर तीन मेडलं घेतली, आणि मंगलनं, म्हणजे बायकोनं, त्यातलं काहीच पाहिलं नाही. ती इकडं गावी, कंग्राळीत, माझ्या आई-आप्पांचं करत. यंदा तिला किनाऱ्यावर बसवून दाखवणार. तसा शब्द दिलाय. उद्यापासून पहाटे पळणं.

१२ जानेवारी
पळणं झालं नाही. थंडी. शिवाय वॉर्म-अप न करता गुडघे पळवणं चुकीचं, हे कॅम्पातल्या शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला कळतं.
यल्लाप्पाला फोन केला. जहाजावरचा जुना शिपमेट, आता गोव्यात बोर्ड भाड्यानं देतो. म्हणाला, बोर्डाचं माप लिटरमध्ये. वजन जितके किलो, त्यात नव्वद मिळव, तेवढ्या लिटरचा घे. बऱ्याच वर्षांनी परत येणाऱ्यानं मोठाच घ्यावा, लहान पडला तर उभं राहायच्या आधीच बुडतो. वजन किती, विचारलं. बहात्तर म्हणालो. नेव्हीच्या डिस्चार्ज बुकात तेवढंच आहे, सरकारी शिक्क्यासह. तो हसला. आधी काट्यावर हुबा ऱ्हा आणि मग सांग रं, म्हणाला.

१५ जानेवारी, बुधवार
मंगलबरोबर रताळ्याची पोती घेऊन मार्केटला. पोती उतरल्यावर मीही काट्यावर उभा राहिलो. काटेवाला पोत्याच्याच सुरात ओरडला, सत्त्याण्णव! चार माणसं वळून बघायला लागली. मंगलपण.
पण रताळ्याला मातीचा कडता कापतातच की. पोतं शंभर भरलं तरी शंभर कोण धरतो? दोन-तीन किलो मातीचे वजा होतातच. मग मला का नको? कपडे-बूट दोन. नाष्टा एक. पोट सहा, कारण ते जाणारच आहे. राहिले अठ्ठ्याऐंशी. हे निव्वळ.

१९ जानेवारी, रविवार
यल्लाप्पाला अठ्ठ्याऐंशी सांगणार होतो. तोंडातून ब्याऐंशी गेलं. अजून दोन आठवडे आहेत, तोवर होईल. म्हणाला, मग एकशे सत्तरचा ठेवतो. फोटो पाठवला. बोर्ड कसला, दार आहे दार. शिकाऊ लोकांचा. मंगल पहिल्यांदा बघणार आणि मी त्याच्यावर? अनुभवाचे पन्नास-पंचावन्न लिटर तरी कमी व्हायलाच हवेत. एकशे पंधराचा ठेव म्हटलं. तो जुन्याच हाकेनं म्हणाला, मष्ण्या, पाणी अनुभव बघत न्हाय, वजन बघतंय. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून हल्ली फार शहाणा झालाय.

२५ जानेवारी
पळणं: एकदा. कुत्रं मागं लागलं म्हणून, पण धरायला हरकत नाही. डाएट: चालू. शाळेत सव्वीस जानेवारीचा खव्याचा कुंदा आजच आला, स्टाफसमोर नाही म्हणता आलं नाही. फार थकवा. वजन उतरताना थकवा येतोच म्हणतात.

३० जानेवारी
मंगलनं नवी चप्पल आणली, वाळूत चालायला. बहिणीला फोनवर सांगत होती, ह्येंचं बघाय जाणार हाय गं, समुद्रावर. दोनदा सांगितलं. एकशे सत्तरचा ठेव म्हणून फोन करावासा वाटला. मग म्हटलं, आता ऐनवेळी यल्लाप्पाला त्रास कशाला.

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.४०, परतताना चोर्ला घाट, चहाचं हॉटेल
वारा ठीक होता. समुद्र ठीक होता. बोर्डही मोकळा असताना छान तरंगत होता. मी चढलो आणि तो माझ्या पायांसकट पाण्याखाली गेला. शीड वर ओढायच्या दोरीला हात घातला की पुढचं टोक खाली आणि मी समुद्रात. पंधरा वेळा. सोळाव्यांदा चढायलाच जमेना. यल्लाप्पा कमरेएवढ्या पाण्यात येऊन म्हणाला, आता तरी खरं सांग. सांगितलं. तो रागावला नाही. एकशे सत्तरचा दुसऱ्यानं न्हेलाय रं, एवढंच म्हणाला.

मंगल चपला हातात धरून पाण्याच्या कडेला उभी होती, पहिल्यापासून. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. टॉवेल दिला. केस पुसा, थंडी वाजंल, म्हणाली. मग अगदी साधं विचारलं, खरोखर माहिती हवी म्हणून: अवो, आई आजारी हुत्या तवा तुमाला रजा मिळाली न्हवती, ती ह्येच्यापायी व्हय?

लाज वाटली. पडताना वाटली नव्हती इतकी. आत्ता ती समोर बसून चहा फुंकतेय. तिला सांगायचं ते मी इथं लिहितोय.

रजा मिळत होती. त्या आठवड्यात मुंबईला रेस होती, म्हणून मी अर्जच केला नव्हता.