म्याडमचं उष्टं

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची! मालवणहून बीड, बीडहून गेवराई, आणि चकलांब्याच्या पुढच्या या वस्तीपर्यंत काळीपिवळी जीप. शेजारच्या बाईंची कोंबडी अर्धा रस्ता माझ्या मांडीवर होती आणि तिने मांडीचा उपयोगही करून घेतला. नवा पंजाबी ड्रेस गेला. असो! पण हवा सुरेख आहे, आभाळ भलं मोठं, आणि माणसं माझ्यासाठी हार घेऊन उभी होती. इंग्रजीच्या बाईंना हार! आईला फोटो पाठवला, ती हसून हसून दमली.

संस्थाचालक मोहनराव स्वतः न्यायला आले. इथली बरीच आईबापं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं आजी-आजोबांकडे राहतात. मोहनराव म्हणाले, "म्याडम, लेकरायला फाडफाड इंग्लिश आलं पायजे. यायच्या हातात कोयता नगं." मला ते मनापासून आवडलं. माझा स्वार्थही आहेच. व्हिएतनाममधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी आहे, त्यासाठी शिकवल्याचा अनुभव लागतो. २० डिसेंबरला ऑनलाइन मुलाखत. ती जमली की जूनमध्ये विमान. माझ्याजवळ ना शेत ना ओळख, इंग्रजी तेवढं आहे.

खोली वत्सलाबाईंच्या घरात. जेवणही त्यांच्याकडेच.

२१ नोव्हेंबर

छप्पन्न मुलं. मी विचारलं, व्हॉट इज युवर नेम? छप्पन्न गळे ओरडले, व्हॉट इज युवर नेम! मी म्हटलं, नो, तुमचं नाव सांगा. पुन्हा ओरडले, नो, तुमचं नाव सांगा! डोक्याला हात लावला, तर सगळ्यांनी लावला.

पाट्या थुंकीने पुसतात. पहिल्या बाकावरचा सिदू खडू खातो. शेंबूड बाहीला. खोबरेल, घाम आणि भिजलेलं दप्तर यांचा मिळून जो वास होतो त्याला इंग्रजीत काय, कुठल्याच भाषेत शब्द नसावा. वत्सलाबाईंची नात शिवकन्या सातवीत आहे, तिच्या तोंडून तर शब्दच निघत नाही.

शाळेचा शिपाई मुका आहे. राघू म्हणतात त्याला. घंटा देतो, झाडू मारतो. आज डबा खाताना तो समोर बसला होता. त्याने आपलं ताट जिभेने चाटलं, मग त्यात पाणी ओतलं, बोटाने खरकटं ढवळलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. सगळा वेळ माझ्याकडे बघत. वर माझ्या अर्धवट डब्याकडे बोट दाखवून तसंच कर म्हणून खुणावलं! मला ओकारीच आली.

२८ नोव्हेंबर

वत्सलाबाईंच्या भाजीवर बोटभर तेल आणि तिखट असं की कान वाजतात. रोज अर्धं ताट टाकते. आईने घर डोक्यावर घेतलं असतं. वत्सलाबाई मात्र खूश असतात. म्हणतात, "ऱ्हाऊ द्या म्याडम, टाका ताटात. वाया न्हाई जायचं." शेळ्यांना घालत असतील. तिखट जरा कमी करा म्हटलं तर हो म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणखी जहाल.

वह्या तपासायला पोरं स्वतःची पेनं आणून देतात. पेन चघळायची माझी घाणेरडी सवय जुनीच. परत देताना मलाच लाज वाटते, पण पोरं कशी लगबगीने घेतात.

३ डिसेंबर

आनंदाची गोष्ट! शिवकन्या बोलली. हात वर करून म्हणाली, मॅडम, मे आय टेल यू समथिंग? स्पष्ट, सफाईदार. शेवटचा शब्द थोडा लांबवून. तो हेल माझा आहे, मालवणचा. मी इतकं छान शिकवते हे मला माहीतच नव्हतं.

६ डिसेंबर

फळ्यावर छत्रीचं चित्र काढलं आणि खाली शब्द लिहायला खडू टेकवला. आलाच नाही. छत्रीला इंग्रजीत काय म्हणतात ते! दोन मिनिटं उभी होते. शेवटी शिवकन्येने सांगितला. मी लिहून घेतला, तरी परका वाटला.

झोप कमी झाली असेल. मुलाखतीची तयारी वाढवायला हवी. जिभेचा शेंडा बधिर आहे, तिखटाने.

११ डिसेंबर

हे लिहितानाही तोंडात पाणी सुटतंय, वांतीआधी सुटतं तसं.

आज मधल्या सुट्टीत चष्मा विसरला म्हणून घरी आले. परसात पोरांची पंगत बसली होती. शिवकन्या, सिदू, आणखी दहा-बारा. मधे माझं सकाळचं ताट. वत्सलाबाई माझ्या उष्ट्या भाकरीचे तुकडे करून प्रसादासारखे हातावर ठेवत होत्या. आणि शेवग्याच्या शेंगा. मी चावून, चोखून टाकलेले चोथे. पोरं ते पुन्हा चावत होती. डोळे मिटून.

मी तिथेच ओट्यावर ओकले. पाणी आणायला आत गेले. परत आले तर ओटा स्वच्छ होता. फडकं कुठे दिसलं नाही. सिदू ओठ पुसत होता.

वत्सलाबाईंना जराही लाज नाही. म्हणाल्या, शिवकन्या पाच वर्षांची होईतो बोलत नव्हती. झाडावरच्या राघूने टोचलेला पेरू खाऊ घातला तेव्हा वाचा फुटली. इथे तसंच करतात. मग इंग्लिशसाठी इंग्लिशवाल्याचं उष्टं. "काऊन चिडता म्याडम? पेरू खाल्ला म्हून राघूचं काय कमी झालं का?" आणि डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, तिच्या मायचे हात बघा एकदा, कोयत्याच्या नुसत्या चिरा.

१३ डिसेंबर

आता डबा पूर्ण खाते. तिखटाने रडत, पण शेवटच्या कणापर्यंत. पेन स्वतःचं. तरी चहाचा पेला ठेवला की क्षणात नाहीसा होतो. नळावर चूळ भरली, मागे वळले तर तीन मुली ओंजळ धरून उभ्या.

बंद पडलेल्या वाचनालयाच्या कपाटात एक फ्रेम मिळाली. बिभीषण आसाराम, बी.ए., बी.एड., इंग्रजी. फोटोत सूट, टाय, हसरा चेहरा.

राघूचा चेहरा.

तो मुका नव्हता. माझ्या आधीचे सर होते ते. आणि पहिल्याच आठवड्यात समोर बसून मला सांगत होते, ताटात काही ठेवू नकोस.

१६ डिसेंबर

शिवकन्या आता वर्गाला शिकवते. मी ऐकते. निम्मं कळतं. मोहनरावांना सांगितलं, मला मोकळं करा. हात जोडून म्हणाले, लई उपकार झाले तुमचे, आता थोडंच ऱ्हायलंय.

काय थोडं राहिलंय, विचारायचं धाडस झालं नाही. मुलाखत होऊ दे. नेट इथेच आहे. चार दिवस फक्त.

२० डिसेंबर

पडद्यावर बाई हसल्या. काहीतरी विचारलं. मला फक्त आवाज ऐकू आला, भांडी घासल्यासारखा. पुन्हा विचारलं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं —

त्यांचाच आवाज. त्यांनी विचारलं तेच, जसंच्या तसं. तीनदा.

त्यांनी कॉल बंद केला.

खिडकीत शिवकन्या होती. तिने उत्तर दिलं. हळू, सुंदर. माझं पाठ केलेलं उत्तर.

२१ डिसेंबर

पळाले. गेवराई स्टँड. कंडक्टरने विचारलं, कुठलं? गावाचं नाव — समुद्र आहे तिथे, किल्ला आहे — नाव येईना. ही वही खोलीतच राहिलेली, नाहीतर बघून सांगितलं असतं. मागची माणसं ओरडायला लागली. कुणीतरी ओळखलं. मोहनरावांची जीप आली. कुणी रागावलं नाही. पाणी पाजलं.

उरलेलं पाणी बाटलीत भरून घेतलं.

२३ डिसेंबर

इंग्रजी संपलं. आता हे जातंय. ज्यात लिहितेय ते.

आज मीठ हवं होतं. पांढरं, समुद्राचं — बोटाने दाखवलं. शिवकन्येने शब्द सांगितला. तो तिच्याकडे आहे.

मुलं मला मैना म्हणतात. प्रेमाने.

२५ डिसेंबर

ताट चाटलं. सगळं. पाणी ओतलं, बोटाने ढवळलं, प्याले. किळस आली नाही. तीही गेली वाटतं —

समोर सर बसले होते. रडत होते. हातात घंटेची — मारायची ती — मला दिली.

२७

फोन वाजतोय. वर दोन अक्षरं. रोज याच वेळी. ओळखीची आहेत, पण —

शिवकन्येने घेतला. माझा आवाज. माझं हसणं. "आये, मी बरी आसय. तू जेवलस?" पलीकडची बाई हसते. खूप बोलते. तिला कळत नाही. मलाही — ती कोण —

ऊब वाटते त्या आवाजाची. शिवकन्येला खुणावलं, सांग, कोण ती. ती सांगते. पुन्हा सांगते. ओठ बघते तिचे. दोन अक्षरं. लिहून ठेवते, विसरायच्या आत. ती माझी

आ