यमीमाच्या वाटणीची भाकर

अनाथोथ,
जैतून झोडणीचे दिवस

चि. यमीमास बाबांचे अनेक आशीर्वाद.

जावयाला माती द्यायला आलो नाही, याचा राग धरू नकोस. आम्हा याजकांना परक्याच्या प्रेताजवळ जायची बंदी. एल्याब मला परका नव्हता, पण शास्त्रापुढे माझं काय चालतं? दिवसभर दारात बसून होतो. घास उतरला नाही.

आता घरी ये. एखादा दीर असता तर एल्याबचा वंश चालवायला तुला त्याच्याशी नांदावं लागलं असतं, तोही नाही. तू याजककुळाबाहेर लग्न केलंस तेव्हा मंदिरातून येणारी आपल्या वाट्याची पवित्र भाकर तुला बंद झाली. लेक माहेरी येते आणि चुलीपाशी वेगळं खाते, म्हणून तुझी आई अजून माझ्यावरच कुरकुरते, जसं काही शास्त्र मीच लिहिलंय. पण मूलबाळ नसलेली विधवा लेक परतली, की लहानपणासारखी बापाच्या ताटात जेवते. तुझं ताट घासून ठेवलंय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा


तकोवा,
नांगरणीचे दिवस

ती. बाबांस यमीमाचा शि. न. वि. वि.

ताट इतक्यात मांडू नका. मला तिसरा महिना आहे. एल्याबला सांगायचं राहूनच गेलं.

सासूबाई पिठाच्या हातांनीच रडल्या. याजकाच्या लेकीला कसलं पाणी भरता येतंय, असं शेजारणींना सांगायच्या. आता याजकाच्या लेकीनं पाणी भरावंच का, म्हणून त्यांच्याशीच भांडतात. मुलगा झाला तर एल्याबचं नाव राहील, एवढंच दिवसभर चालतं.

तुमची भाकर मात्र मला बंदच राहणार. चालेल, बाबा.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्यावा.
यमीमा


अनाथोथ,
जव कापणी

चि. यमीमास आशीर्वाद.

बाळ पाचव्या दिवशी गेल्याचा निरोप गाढववाल्यानं आणला. तुझी आई भिंतीकडे तोंड करून बसलीय.

ये, पोरी. मूल नाही, तेव्हा आता तू पुन्हा आमचीच. आईनं पहिली भाकर तुझ्यासाठी बाजूला काढलीय. लग्न झालंच नसल्यासारखी आमच्यात बसून जेव.

वाट पाहणारा,
बाबा


तकोवा,
जव कापणी

ती. बाबांस शि. न. वि. वि.

ती भाकर आईला द्या. तुम्ही मायेनंच लिहिलंत, पण वाचून काळीज फाटलं. मी तो घास खाल्ला तर मला मूल नव्हतंच, असं ठरेल. होतं, बाबा. अंगावर अजून दूध येतंय. सासूबाई फडकं बांधून देतात आणि स्वतःच रडत बसतात.

सुंतेचा आठवा दिवस उजाडलाच नाही, म्हणून नावही ठेवता आलं नाही. त्याला मांडीवर घेतलेल्या आम्ही दोघीच. मी निघाले तर त्याच्याबद्दल त्यांच्याशी बोलायला कोण उरेल? मी इथेच जवाची भाकर खाईन.

रागावलात तरी माया तोडू नका.
यमीमा


अनाथोथ,
कापणी सरताना

चि. यमीमास आशीर्वाद.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. मी शास्त्र सांगत बसलो, आणि मला नातू झाला होता हेच विसरलो.

आम्ही दोघं परवा निघतोय. पवित्र वाट्यातलं काही आणणार नाही. बाजारातून जवाचं पीठ घेतलंय. विहीणबाईंना सांग, चौघांपुरत्या भाकरी टाका. यंदा मी तुमच्या चुलीचं खाईन.

याजक म्हणून त्याच्या कबरीजवळ मला येता येणार नाही, लांबूनच दाखव. आणि नाक कुणाचं होतं, ते जेवताना सांग.

तुझा बाबा,
आणि त्याचा
आबा