पुढे सोळा, मागे अडतीस

४ फेब्रुवारी, शनिवार
मोटरसायकलची चेन कुरकुरतेय. ही म्हणते, दोन महिने कुरकुरतेय. हिला आकडे फुगवायची सवय आहे. संकल्प : दर रविवारी चेन साफ करून तेल देणे.

५ फेब्रुवारी, रविवार
गारठा होता. चेन बाल्कनीतून पाहिली.

७ फेब्रुवारी
मेकॅनिकने चेन हाताने ओढून दाखवली. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचे, दात झिजून वाकलेत म्हणे. पुढचं, मागचं आणि चेन, तिन्ही एकदम बदला. कंपनीच्या मापाचं घ्या, पुढे चौदा दात, मागे बेचाळीस. मी म्हटलं, विचार करून सांगतो. गाडीत काहीही विचार न करता बसवायचं नाही, हा माझा बाणा.

९ फेब्रुवारी
चार व्हिडिओ पाहिले. पुढचे दात वाढवायचे, मागचे कमी करायचे, की इंजिनाला कमी पळावं लागतं. गाडी शांत. शांत म्हणजे सुरक्षित. कंपनीच्या इंजिनिअरांना हे सुचू नये, कमाल आहे. तक्ता केला. ऑफिसात शेजारच्या टेबलवाल्याला अर्धा तास समजावला. तो भारावून चहाला निघून गेला.

११ फेब्रुवारी
ऑर्डर दिली : पुढे सोळा, मागे अडतीस. मेकॅनिकने पाना खाली ठेवला. म्हणाला, साहेब, सपाटीवर पळेल, पण चढावर डबलसीट ओढणार नाही. वहिनींना रोज दवाखान्याच्या चढावर सोडता ना? मी तक्ता दाखवला. त्याने दोनदा सांगितलं, मी तीनदा सांगितलं. शेवटी गाडी माझी आहे म्हटलं. बसवलं.

१२ फेब्रुवारी
सपाटीवर एकट्याने चक्कर मारली. लोणी!

१३ फेब्रुवारी, सकाळी सव्वाआठ
दवाखान्याचा चढ आज जरा जास्त वाटला. हल्लीच डांबर टाकलंय, त्याने उंची वाढली असावी. उपाय : खालूनच जोरात येणे, म्हणजे गाडी आरामात चढते. ही उतरल्यावर म्हणाली, इतक्या जोरात का आणलीत? तिला म्हटलं, सुरक्षेसाठी.

१५ फेब्रुवारी
पडलो. चढावर मध्येच एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, थांबावं लागलं. पुन्हा निघताना गाडी तीनदा बंद पडली. ही म्हणत होती, मी उतरते. मी म्हटलं, बस, तक्त्यात बसतंय. चौथ्यांदा गाडी मागे घरंगळली आणि आडवी झाली. हिच्या उजव्या मनगटाला तडा. त्याच हाताने ती रोज पन्नास माणसांचं रक्त काढते. मला खरचटलंसुद्धा नाही. प्लास्टर तिच्याच दवाखान्यात घातलं. तिथे तिने विचारलं, असं कसं झालं? मी म्हणालो, मेकॅनिकने चुकीचे स्प्रॉकेट बसवले.
तोंडातून निघून गेलं. मागे घेता आलं असतं. घेतलं नाही.

१८ फेब्रुवारी
ही प्लास्टरसकट गॅरेजमध्ये गेली. मी मागून. गिऱ्हाइकांसमोर त्याला फाडफाड बोलली. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, चुकलं वहिनी. ही आणखीच ओरडली. मी हेल्मेटचा पट्टा नीट करत होतो. पट्टा नीटच होता.
त्याने चौदा-बेचाळीस बसवलं. चेन किती सैल ठेवायची तेही मला समजावून सांगितलं, अगदी पूर्वीसारखं. मला लाज वाटते. हे वहीत लिहिताना पेनही जड झालंय.

२१ फेब्रुवारी
वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, गाडी दुरुस्तीला कुठे टाकू? ही शेजारीच उभी. त्या गॅरेजचं नाव घ्यायला जीभ रेटेना. ‘बघू’ म्हणालो. हिने माझ्याकडे पाहिलं. उद्या हिला सगळं सांगणार. नक्की.

२२ फेब्रुवारी
हिचं डोकं दुखत होतं.

२३ फेब्रुवारी
माझं दुखत होतं.

२६ फेब्रुवारी, सकाळी
सांगितलं. हिची वेणी सध्या मीच घालतो. पाठमोरी होती, म्हणून जमलं.
ती म्हणाली, ठाऊक आहे. त्याने ‘चुकलं’ म्हटल्यावर तुमचं तोंड बघूनच कळलं. मग त्यानंतरही त्याच्यावर का ओरडत होतीस, विचारलं. तर म्हणाली, तुम्ही मध्ये बोलाल म्हणून. बोलेनात, म्हणून आणखी ओरडले. दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन त्याची माफी मागून आले.
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?
म्हणाली, त्यानेच गळ घातली. साहेबांना कळू देऊ नका, त्यांना माझ्याकडे यायला लाज वाटेल.
त्यानंतर वेणी काही मला जमेना.