थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटं

सोमवार, ७ जुलै

आज नव्या मिश्रणाची गाडी धूर मोजायच्या रोलरवर चढवली. पेट्रोलात तीस टक्के उसाचं अल्कोहोल. धुरातला कार्बन मोनॉक्साइड एवढा खाली आला की सगळे टाळ्या वाजवायला लागले. आमचे प्रमुख लाउरोसर तर म्हणाले, "नेउसा, साओ पाउलोची हवा धुऊन काढलीस की!"

मीही हसले. पण गाडी सुरू केली तेव्हा मी सायलेन्सरच्या मागेच उभी होते. डोळे चुरचुरले. कच्च्या सफरचंदासारखा उग्र वास — अजून नाकातून जात नाही.

मंगळवार, ८ जुलै

गाडी रात्रभर अंगणात, जुलैच्या हिवाळी थंडीत ठेवली होती. सकाळी पहिल्या दोन मिनिटांचा धूर वेगळा पकडला. कालच्या त्या उग्र वासाचं, डोळ्यांना झोंबणारं ॲसिटाल्डिहाइड जुन्या मिश्रणाच्या अडीच पट! धूर शुद्ध करणारा डबा तापला की जवळजवळ नाहीसं होतं. म्हणजे इतके दिवस आम्ही तापलेल्याच गाड्या मोजत होतो.

सरांना दाखवलं.

"दोन मिनिटांसाठी गाडी कोण बाहेर काढतं गं?"

"सर, सकाळी प्रत्येकाची गाडी थंडच असते. आमच्या इमारतीच्या तळघरात या ना सात वाजता."

"मंजुरीच्या समितीपुढे तापलेले आकडे ठेव. थंडीतलं पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! तोवर मिश्रण पंपावर आलेलं असेल.

गुरुवार, १० जुलै

दुसरी गाडी. तेच.

रविवार, १३ जुलै

सेर्ताओझिन्योला आदेल्मोकडे जेवायला गेले. माझा धाकटा भाऊ, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे. त्याच्या बायकोने, मार्लुसियाने, काळ्या घेवड्याचा नि मांसाचा फेज्वादा केला होता, वर संत्र्याच्या फोडी. वाढता वाढता म्हणाली, "जेवा वन्सं, पोटभर जेवा. यात अल्कोहोल नाही, घाबरू नका!" सगळे हसले. म्हणजे यांच्या कानावर गेलंय. कुणी घातलं?

निघताना आदेल्मो गाडीपर्यंत आला. नुसता टायरला लाथ मारत उभा राहिला.

"ताई, मिश्रणाला मंजुरी नाही मिळाली तर आमचा नवा विभाग उघडतच नाही. माझी नेमणूक तिथेच आहे."

"मी अल्कोहोलच्या विरोधात आहे का रे? मोनॉक्साइड खरंच कमी होतो. तेही सांगणार आहे. फक्त थंडीतलं —"

"मग तेवढंच गाळ ना."

मी गाडी सुरू केली. दोन्ही बाजूंना ऊस, आणि परतीच्या रस्त्यावर मी एकटी रडतेय. शोभतं का या वयात?

बुधवार, १६ जुलै

उद्या समितीपुढे सुनावणी. सरांनी थंड इंजिनाचा आलेख काढून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही! आदेल्मोला फोन लावला. उचलला नाही.

गुरुवार, १७ जुलै

बोलले.

आधी चांगलं सगळं सांगितलं, मनापासून. मग म्हटलं, "आणखी एक आलेख आहे, तो पडद्यावर दिसणार नाही." सरांनी मान खाली घातली. मी आकडे तोंडीच सांगितले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे मिश्रण नकोच म्हणता?"

"नको नाही म्हणत. आधी लवकर तापणारे डबे बसवायला लावा, मग वाढवा."

बाहेर जिन्यात सर जवळून गेले, माझ्याकडे न बघता. "सोमवारपासून रोलरकडे फिरकू नकोस. कपाटं आवर."

मंगळवार, २२ जुलै

कपाटं आवरतेय. आदेल्मो अजून फोन घेत नाही. मी त्याच्या ताटात माती कालवली, दुसरं काय! तरी परत बोलायची वेळ आली तर हेच बोलेन. हे लिहितानाही भीती वाटते.

शुक्रवार, २५ जुलै

मंजुरी जाहीर झाली. तीस टक्के, कसलीच अट नाही.

संध्याकाळी आदेल्मोचा फोन. मी म्हटलं, "अजून रागावलायस?"

"रागावू कशाला, ताई? तुझ्या सुनावणीच्या आदल्याच दिवशी मालकांनी आम्हाला बिअर पाजली. मंजुरी आधीच पक्की झालीये म्हणाले. तू फोन करत होतीस तेव्हा ग्लास माझ्या हातात होता. तुला काय सांगणार होतो?"