मुका मार

९ ऑक्टोबर, सोमवार

धप्प. — धप्प. — धप्प-धप्प!

आज पहाटे तोच आवाज कानात घेऊन जागा झालो. स्वप्नात आई खालच्या चौकात गालिचा धोपटतेय. शनिवारची सकाळ, चौकातला तो लोखंडी दांडा, त्यावर टाकलेला लाल गालिचा, आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून सोमवारची कविता पाठ करतोय. आईच्या ठोक्यावर माझी ओळ अचूक बसायची. ठोका म्हणजे गुरू. मधे उडालेली धूळ — लघू, लघू.

येगर मास्तर म्हणायचे, "ओटफ्रीड, पाठांतर चांगलं आहे तुझं, पण तू हलकी अक्षरं गिळतोस! नुसते गुरू ठेवलेस तर कविता म्हणजे दगडांची गाडी." मला दगडांची गाडीच आवडायची. गडगड गडगड! अजून आवडते.

डोळे उघडले तर खालच्या मजल्यावर व्हॅक्यूम क्लीनर. त्याला ना लघू ना गुरू. नुसता एक लांबच लांब सुस्कारा.

१० ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी एक बाई केकचा डबा घेऊन दुकानात आली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं! झाकण उघडलं तर आत आसूड. माझाच — मुठीवर माझा छाप. थोराड एल्क हरणाचं जाड मऊ कातडं, चांगल्या दोन बोटं रुंद पट्ट्या, कडा तासून गोल केलेल्या. काय दिवस होते! इथले बॅगांचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. शिवायला बॅगा नाहीत, म्हणून मी राजीखुशीनं मार देणाऱ्या-घेणाऱ्या मंडळींसाठी आसूड बांधायला लागलो, आणि लाजेनं तपकिरी कागदात गुंडाळून द्यायचो. गेर्लिंड तेव्हा पोट धरधरून हसली होती. "बरंच आहे की! ह्याला चेन नाही. चेन बिघडली म्हणून कुणी परत येणार नाही." माझी बायको. तिच्यापुढे लाज टिकायचीच नाही.

तर ही रोसविता ब्रेम. औषधांच्या दुकानात होती, आता निवृत्त. हा आसूड तिनं लग्नात नवऱ्यासाठी घेतला होता. दर रविवारी, कॉफी झाली की दोघांचा तो तास. "एरवी एगबर्ट मधमाश्यांचा असतो, उस्ताद," ती म्हणाली. "तेवढा तास माझा."

"मग बिघडलं काय?"

"आसूड नाही, मी बिघडले." तिनं उजवा हात उचलून दाखवला. खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, आता एवढाच. "एगबर्ट म्हणतो, जाऊ दे गं, झालं ते पुष्कळ झालं. त्याला जाऊ द्यायचं असेल. मला नाही द्यायचं! त्याला ह्याचाच मार आवडतो. खोल, जड. मला तस्साच पाहिजे, पण ह्या हाताला पेलेल असा."

मी म्हटलं, बाई, जड हवं आणि हलकंही हवं? ती म्हणाली, "जमत असतं तर घरीच शिवलं असतं."

निघताना मधाची बाटली ठेवून गेली. एगबर्टचा मध. तो हातमोजे घालत नाही म्हणे. माशी चावली की उलट हसतो. विचित्र माणूस!

१२ ऑक्टोबर

दिवसभर डोक्यात तेच. मार जड कशानं होतो? रुंद पट्टी, मऊ कातडं, वजन शेपटाकडे — की मार आत उतरतो. वर दिसत काही नाही, हाडापर्यंत घुमतं. मुका मार. अरुंद पट्टी, ताठ कातडं, कडेला धार — की वरच्यावर चटका. लांबी वाढवली की टोक पळतं, आणि पळणारं टोक चावतं. हे सगळं मला झोपेत येतं. पण जड शेपूट उचलायला खांदा लागतो, आणि तोच नाही. वजन काढलं तर मुका मार जातो. वजन ठेवलं तर रविवार जातो.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पहिला प्रयत्न. छोट्या हरणाचं कातडं, निमुळत्या पट्ट्या, तीन-तीनची वेणी घातली, टोकाला बारीक गाठ. पिसासारखा हलका. नुसतं मनगट हलवलं की चालतो. विजार वर केली, मांडीवर घेतला —

चट्ट!

आई गं! लघू, लघू, लघू. नुसती मधमाशी! मुका कसला, हा तर बोलका, कोकलणारा! आणि नेमका तेव्हाच शेजारचा लुडविन सफरचंदाच्या वाइनचा चंबू घेऊन दारात.

"अरे म्हाताऱ्या, एकट्यानं? मला हाक मारायचीस! शाळेपासूनचा हिशेब बाकी आहे आपला."

"काम करतोय."

"दिसतंय. पाय झाक आधी, वाइन नासेल."

पोरका दिसत होता बिचारा आसूड. खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवून टाकला. फसला.

१५ ऑक्टोबर

मांडीवर लाल रेघ. आंघोळीत झोंबली. लुडविनला सांगणार नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा प्रयत्नही वाया. तसाच दुसरा आसूड बांधून मुठीत शिसं ओतलं, म्हटलं वजन तर येईल. आलं — मुठीत! मूठ जड, शेपूट तसंच कोरडं. पत्रात काही दम नाही म्हणून लिफाफा जाड घेण्यातला प्रकार. गेर्लिंड असती तर म्हणाली असती, "तुझ्या प्रेमपत्रांसारखं झालं बघ."

रोसविताचा फोन. "घाई नाही हो उस्ताद." पण आवाजात घाई होती. मागच्या रविवारी कॉफी झाल्यावर दोघं टीव्ही बघत बसले म्हणाली. टीव्ही!

१९ ऑक्टोबर

सापडलं! सापडलं!

रात्रभर तो धप्प आवाज छळत होता. सकाळी चहा पिताना एकदम सुचलं — आई केवढी होती? माझ्या खांद्याशी यायची. हात काडीसारखे. आणि आवाज? सगळ्या चौकाच्या खिडक्या थरथरायच्या! ह्याला कुठला खांदा लागत होता?

तळघरात उतरलो. कोळशाच्या जुन्या पेटीमागे ते होतं. वेताचं धोपटणं, तीन पाकळ्यांच्या फुलासारखं विणलेलं. हातात घेतलं आणि नुसतं कोपरातून हलवलं. मान लवली, मागे राहिली, मग आपण होऊन पुढे आली. मारायचं काम वेताची मान करते! हातानं फक्त सुरुवात करून द्यायची. आई कधी हात वर उचलतच नव्हती. कमरेपाशी ठेवून झुलवायची. मी बघत होतो आणि बघत नव्हतो. कविता पाठ करत होतो ना!

तळघरातच बसून ती जुनी ओळ म्हटली. मोठ्यांदा. वरून कुणीतरी दार वाजवलं, "सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, उत्तम!

२२ ऑक्टोबर, रविवार

वेताची मान तशीच ठेवली, लवचीक. उघड्या पाकळ्यांची कड मात्र बोचते, म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी एल्कचं कातडं — रोसविताच्याच जुन्या आसुडाच्या पट्ट्या उसवून, शेजारी शेजारी शिवून. आत मेंढीची लोकर. मधोमध चिमूटभर वाळूची पुरचुंडी, जास्त नाही. टाके आत वळवले, वर एक टाका आला तरी तो वेगळा लागतो. अंगाला टाकासुद्धा कळतो, हे लोकांना खरं वाटत नाही.

धोपटणं आणि थोपटणं ह्यात फरक तो केवढासा! पहिलं अक्षर किंचित बदललं की एकाचं दुसरं होतं. आज शिवताना हेच घोळत होतं.

लुडविन येऊन बघून गेला. "हे काय, टेनिस?"

२५ ऑक्टोबर, बुधवार

रोसविता आली. आधी वाळूच्या पोत्यावर. तिनं कोपर हलवलं. धप्प! तिचा खांदा जागचा हलला नाही. पुन्हा. धप्प! तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी तिला तिचा हात परत दिला.

मग म्हणाली, "पोतं काही बोलत नाही, उस्ताद. तुमच्या पाठीवर चालेल?"

स्वेटर अंगात ठेवून टेबलाला धरून उभा राहिलो. "दुखलं तर काय म्हणायचं?"

"आम्ही बोलत नाही. एगबर्ट दोन बोटं वर करतो, मी थांबते. इतक्या वर्षांत दोनदाच केली, त्यात एकदा दारावर पोस्टमन होता." मला हसू आवरेना, आणि हसतानाच मार पडला — कण्याला सोडून, खांद्याच्या मांसल भागावर, अगदी शिकलेला हात. धप्प. बटाट्याचं पोतं मऊ गादीवर पडावं तसं. आत घुमलं, छातीतून पुढे आलं. गुरू! एक नंबर गुरू!

"कसं?"

"बाई, दगडांची गाडी आहे!"

"म्हणजे चांगलं ना?"

कुणी पाठीवर हात टाकून किती दिवस झाले! खोकला आला की गेर्लिंड धपाटा घालायची. तेच आठवलं. डोळे पुसले, तर रोसविता घाबरली. म्हटलं, वाळू उडाली.

जाताना दारात थबकली. "त्याला काही सांगितलं नाहीये मी. ह्या रविवारी एकदम हातात घेऊनच येणार. तो 'छान' म्हणेल. नेहमी तेवढंच म्हणतो. पण ते ऐकल्याशिवाय माझा आठवडा सुरू होत नाही." मुठीला शेवटचा हात राहिलाय, शनिवारी घेऊन जाईल.

२६ ऑक्टोबर

मूठ गुंडाळून झाली. मेण चोळलं. स्वतःवरच खूश आहे, लिहायला लाज कसली!

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकान बंद करत होतो तोच घंटी. दारात एक दांडगा म्हातारा, हातात टोपी, हातमोजे नाहीत. "मी एगबर्ट. मधवाला. ती समजतेय मी पेट्यांपाशी आहे." केकचा डबा घरातून गेला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं.

त्यानं धोपटणं उचललं, फिरवून बघितलं. "सुंदर आहे," म्हणाला. आणि चेहरा असा, जसं काही पाव लिटर कडू औषध प्यायचंय. मग त्याची नजर खिडकीकडे गेली. खिळ्यावर.

"ते कुणाचं?"

"कुणाचंच नाही. फसलेलं. हलकं झालं, नुसतं चावतं."

त्यानं विचारून तो वेणीचा आसूड काढला, बाही वर केली, मनगट हलवलं. चट्ट! आणि काय हसला तो! सगळं दुकान भरलं. "हे! हेच हो! लग्नापासून मला हेच हवं होतं!"

"अहो, मग इतकी वर्षं —"

"पहिल्या दिवशी तिनं विचारलं, छान? मी म्हणालो, छान. एकदा छान म्हटल्यावर मागे कसं फिरायचं? वाईट नव्हतंच ते, तिच्या हातचं होतं." वेणी बोटांवर गुंडाळत उभा राहिला. मनगटापुरतं काम. खांद्याचा संबंधच नाही! येगर मास्तर, ऐकताय ना? मी गिळलेली हलकी अक्षरं! "उस्ताद, उद्या ती आली की तुम्हीच सांगाल का तिला?"

"नाही," मी म्हटलं. "मुका मार पुष्कळ झाला. आता तुम्हीच बोला." आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

मी इकडे स्वयंपाकघरात येऊन लिहितोय. तिकडे फोनमधली घंटी इथवर ऐकू येतेय. — उचलला तिनं.