कोपरा फाटलेलं कार्ड

लातूर,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय दादास,

व्यंकटीचा जयभीम. मी ठीक आहे. तुमच्याकडे विहिरींना थोडंफार पाणी आहे का? इथे टँकर आला तर ऑपरेशन, नाहीतर उपाशी ठेवलेल्या पेशंटला परत जेवू घालायचं. नव्या जिल्ह्याचं सगळं असंच चाललंय.

दिवाळीआधी ऑपरेशन झाल्यावर सुमनवहिनींना घरी घेऊन गेलास, तेव्हापासून तुझं पत्र नाही. कामात असशील, असं मी धरून चाललो.

तुला रजिस्टरचं सांगितलं होतं. ऑपरेशन झालेला माणूस घरी गेल्यावर जगतो की नाही, जखम भरते की चिघळते, हे इथे कुणी लिहूनच ठेवत नव्हतं. म्हणून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला दवाखान्याच्या पत्त्याचं कार्ड द्यायला लागलो. महिन्याने तब्येत कळवा म्हणायचं. निम्मी कार्डं आलीच नाहीत. दुष्काळात घरंच्या घरं कामाला बाहेर पडलेली, शोधायचं कुणाला? आली ती सगळी ‘खुशाल’. मृत्यू एकही नाही. मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू.

गेल्या सोमवारी शिरूर अनंतपाळहून केरबा नावाच्या पेशंटचा भाऊ ऑपरेशनचा दाखला मागायला आला. मी विचारलं, “केरबा कसा आहे आता?”

“साहेब, त्यो तर कवाच गेला. तुमच्याच कार्डावर कळवलं की.”

टपाल फाटकावर आमची आया कोंडाबाई घेते. तिला विचारलं.

“कोपरा फाटलेलं कार्ड आत आणत असतेत व्हय? आत आजारी माणसं निजलेली. मी फाटकातच फाडून टाकते.”

तिला वाचता येत नाही. मी रागावलो नाही. आपली आईही मयताचं कार्ड उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती.

मग पोस्टमन नजीरभाईंना विचारलं, अशी कार्डं कुठकुठून आली.

“डॉक्टरसाब, एकावर इस्लापूरचा शिक्का होता. तुमचं गाव, म्हणून ध्यानात ऱ्हायलं.”

इस्लापूरला मी एकच कार्ड दिलं होतं, दादा. तुझ्या हातात.

तेव्हापासून मी ऑपरेशनं करतो, जेवतो, झोपतो. शाळेत जाताना वहिनी माझ्या डोक्याला तेल चोपडायच्या ते आठवतं, तरी रडू येत नाही. ऑपरेशन माझ्याच हातचं, म्हणून मी तोंड लपवून मातीला आलो नाही, असं तुला वाटलं असेल. मला कळलंच नव्हतं रे.

आपण असलं काही मानत नाही. पण आप्पा गेले तेव्हा कार्डांचे कोपरे तूच फाडत बसला होतास. “लोकांना लगेच कळतंय,” म्हणाला होतास.

मृत्यूच्या रकान्यात केरबाचं नाव लिहिलं. त्याच्याखाली लिहायला हात उचलत नाही. शनिवारच्या गाडीने येतो आहे. तुझ्या तोंडून ऐकेन, मग लिहीन. काय बोलायचं ते बोल, मार हवं तर. फक्त मला दारातूनच परतवून लावू नकोस.

तुझा धाकटा,
व्यंकटी