पूजेच्या दिवशीची मोजणी

लोणखेड, २० ऑगस्ट २०२४

चि. गजेंद्र यास दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तोंडातून वाईट गेलं असतं, म्हणून लिहितो. आपल्या गावची सकाळची बस सहा दिवसांपासून बंद आहे. ती आता नव्या द्रुतगती मार्गानं जाते, आपल्या शेतावरच्या पुलावरून, न थांबता. माझी छकुली मेहकरला कॉलेजात जायची; आता दप्तर भरून ओट्यावर बसते.

एसटीच्या आगारात गेलो. साहेबांनी कागद दाखवला. गावातून चढणारे प्रवासी शून्य. तारीख २३ जुलै, मंगळवार. खाली मोजणी करणारा म्हणून तुझी सही.

अरे, तो मरीआईच्या पूजेचा दिवस! त्या दिवशी गावचं माणूस शीव ओलांडत नाही, हे तुले मी सांगावं? दुपारी माझ्याच पंगतीत पुरणपोळी खाल्लीस, मुकाट्यानं. काऊन असं केलंस?

थोरला आहे म्हणून आशीर्वाद लिहितो. मनातून निघत नाही.

गोकुळ

बुलढाणा, २५ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

साहेबांनी कोणताही एक दिवस मोजायला सांगितलं होतं. पूजेला येणारच होतो, एका खेपेत दोन कामं होतील म्हणून सकाळी थांब्यावर बसलो. कोणी चढलं नाही, तसं लिहिलं. खोटं लिहिलं नाही. आता चुकलं म्हणावं तर चौकशी माझ्यावरच येईल.

छकुलीला इकडे शिकायला पाठव. सौ. निशिगंधानं कपाटाचा एक खण रिकामा केला आहे. ती म्हणते की दादांचा राग दुधासारखा, फुंकर मारली की खाली बसतो.

लोभ कमी करू नकोस.

तुझा गजेंद्र

लोणखेड, २ सप्टेंबर

चि. गजेंद्र यास आशीर्वाद.

सौ. निशिगंधाला सांग, या वेळी फुंकर पुरायची नाही. छकुली तिकडे येणार नाही. बस तिच्या एकटीची नव्हती.

तुझं पत्र देवळापुढं वाचून दाखवलं. झाडलोट करणारी तानुबाई भडकली. म्हणाली की मरीआईनं शीव बांधली ते रोग बाहेर ठेवाले, पोरी घरात कोंडाले नाही. अन् या पोट्ट्याले मीच त्या दिवशी प्रसाद देला.

फेरमोजणीचा अर्ज तयार आहे. गावानं सह्या केल्या. सगळ्यात वर, माझ्याही आधी, तुझी जागा कोरी ठेवली आहे. मोजणी चुकीच्या दिवशी झाली, एवढं एक वाक्य तुझ्या अक्षरात हवं. चौकशी आली तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

रविवारी ये. मोटारसायकल घरी ठेव, त्याच बसनं ये. ती पुलावर थांबणार नाही. पुढच्या फाट्याला उतर अन् सतरा किलोमीटर माघारी चाल. वाटेत आपल्या गावची जेवढी माणसं पायी दिसतील, तेवढी मोजत ये.

कितीही उशीर होऊ दे, तुझ्या आधी मी जेवणार नाही.

दादा